संध्याकाळची गोळी

चष्मेवाला डॉक्टरीणबाईंसमोर पहिल्यांदा खोटं बोलला, तेव्हा ते त्याला खोटं वाटलंसुद्धा नाही. दमलेला माणूस जरा वाढवून सांगतोच, असं त्यानं स्वतःला समजावलं.

बाई मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या खोलीत एक वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि चाकं निघालेली एक लाकडी गाडी होती. त्याची मुलगी बाहेर नर्सकडून रक्तदाब मोजून घेत होती. हा पट्टा हातालाच का बांधतात, मानेला का नाही, असं ती नर्सला विचारत होती. दार बंद असूनही आत ऐकू येत होतं.

"शाळेतून चांगलं कळतंय," बाई म्हणाल्या. "सकाळच्या कॅप्सूलचं माप बसलेलं दिसतंय. घरी कशी असते?"

"घरी काही खरं नाही, डॉक्टर. संध्याकाळ झाली की बघवत नाही. अभ्यासाला बसत नाही, वस्तू फेकते. माझा जीव मेटाकुटीला येतो."

वस्तू फेकते म्हणजे एकदा उशी फेकली होती. अभ्यास ती उभ्यानं करायची, एक पाय खुर्चीवर ठेवून, पण करायची.

बाईंनी मान हलवली. कॅप्सूलचा जोर दिवस कलताना ओसरतो आणि काही मुलं तेव्हा जास्त उसळतात, असं त्या म्हणाल्या. "शाळेतून आल्यावर अर्धी गोळी देऊन बघू. हिचा असर थोडाच वेळ टिकतो. भूक, झोप आणि मन, तिन्हीवर लक्ष ठेवा. आणि एक सांगते. या औषधाचं माप रक्त तपासून कळत नाही, फोटो काढून कळत नाही. शाळेच्या बाई आणि तुम्ही जे सांगाल, त्यावरच मी कमी-जास्त करणार. तुमचे डोळे तेच माझे डोळे."

"हो," चष्मेवाला म्हणाला.

मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरात तिला टकळी म्हणायचे. आईनंच ठेवलेलं नाव. टकळी दात घासताना फेसासकट बोलायची, झोपेतही दोन-चार वाक्यं टाकायची. नुसतं बोलणं असतं तर भागलं असतं, पण तिला बूड टेकवून बसता यायचं नाही. एक मोजा पायात घातला की दुसरा हातात घेऊन ती खिडकीत. एक गणित सोडवलं की दुसऱ्याच्या जागी चष्मा घातलेल्या बोकडाचं चित्र. वर्गात बाईंनी तिला सगळ्यांतून उचलून आपल्या टेबलाला चिकटवून बसवलं होतं, एकटीला. पोरं त्या जागेला पिंजरा म्हणायची.

तिला डॉक्टरकडे नेलं तेही आईनंच. चष्मेवाला म्हणाला होता, "लहान आहे, होईल शांत." त्यावर बायको म्हणाली, "तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि फळा दिसत नाही म्हणालं, तर तुम्ही त्याला 'होईल हळूहळू दिसायला' म्हणून घरी पाठवता का?"  लक्ष टिकत नाही हा आजार आहे, खोडी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सकाळी न्याहारीनंतर एक कॅप्सूल सुरू झाली, सगळ्यात लहान मापाची. मग त्याच्या वरची. एकदा डोकं दुखायला लागलं म्हणून पुन्हा खालची, मग पुन्हा वरची. सगळं बायकोच बघायची. आज कशी होती, किती जेवली, कधी रडली, हे तिला तोंडपाठ असायचं. डॉक्टरीणबाईंना ती असं सांगायची की जणू टकळीच्या डोक्यात एक खिडकी आहे आणि ती तिथं बसून आत बघते.

माप बसत आलं आणि बायको गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी दवाखान्यात नेली, दुसरा दिवस तिनं पाहिला नाही. मेंदूतली शीर फुटली, असं सांगितलं. चष्मेवाला लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरतो, आणि घरातल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला दिसलं नाही. हे त्याच्या मनातून काही केल्या जाईना.

दुकान खाली होतं, घर वर. घर खायला उठतं म्हणतात तसं ते उठलं, पण तेही त्यानं सोसलं असतं. सोसलं नाही ते वेगळंच. त्या घरात रोज संध्याकाळी बायको बोलायला लागली.

टकळीला नकला यायच्या. शाळेच्या बाईंची, पोस्टमनची, खालच्या गल्लीतल्या कुत्र्याचीसुद्धा. आता ती आईची करायला लागली. नक्कल म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, चिडवणं नव्हतं, हसणं नव्हतं. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि खाली दुकानात हाक यायची, "अहो, ऐकलंत का? दिवा लावा. अंधारात कुणाचा डोळा तपासताय?" जेवताना तो मिठाची बरणी शोधायला लागला की पाठीमागून यायचं, "दुकानात जगाला डोळे देता आणि घरात समोरचं मीठ दिसत नाही." आवाज तोच. वाक्याचं शेवटचं अक्षर जरा ओढायची लकबही तीच.

एकदा दुकानात एक बाई नाकावर फ्रेम घालून आरशात बघत होत्या. वरून हाक आली. चष्मेवाल्याच्या तोंडून सहज निघालं, "आलो गं." निघाल्यावर त्याला कळलं. हातातली काच फरशीवर पडली. त्या बाई म्हणाल्या, "बोलावतायत तुम्हाला, जा ना. मला घाई नाही." त्यांना माहीत नव्हतं. तो काचा गोळा करत खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्याच आठवड्यात तो डॉक्टरीणबाईंकडे गेला होता.

अर्ध्या गोळीनं हाका कमी झाल्या, पण बंद झाल्या नाहीत. पुढच्या वेळी बाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "फारसा फरक नाही." बाईंनी पूर्ण गोळी लिहून दिली. ती देताना त्यांनी पेन थोडं थांबवलं. "नक्की ना? सकाळच्या औषधाचं शेपूट संध्याकाळपर्यंत असतं, त्यावर ही जाते. जास्त झाली तर मूल मलूल होतं."

"नक्की," चष्मेवाला म्हणाला.

आणि घर शांत झालं.

शांत म्हणजे कसं, तर चष्मेवाल्याला घड्याळ ऐकू यायला लागलं. टकळी शाळेतून यायची, तो वर जाऊन गोळी आणि पाण्याचा पेला द्यायचा, ती मुकाट्यानं गिळायची. मग टेबलाशी बसून अभ्यास करायची. दोन्ही पाय जमिनीवर. अक्षर सुंदर. अभ्यास झाला की तिथंच बसून राहायची आणि नखांच्या कडेचं कातडं सोलायची. ताटातलं ताटात राहायचं. रात्री दिवा मालवल्यावर ती हालचाल न करता पडून असायची, पण डोळे उघडे असायचे. त्यानं हे पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही. डोळ्यांचाच धंदा त्याचा. पाहिलं, आणि कूस बदलली.

मधे एकदा बाईंनी बोलावलं तेव्हा तो एकटाच गेला. शाळा बुडायला नको, असं कारण दिलं.

"भूक?" बाईंनी विचारलं.

"चांगली आहे."

"झोप?"

"झोपते."

"बोलते का पहिल्यासारखी?"

"बोलते की," तो म्हणाला. हे मात्र खोटं आहे हे त्याला बोलतानाच कळलं. त्यानं नजर चाकं निघालेल्या लाकडी गाडीकडे वळवली. बाईंना वाटलं असेल, बिचाऱ्याला बायकोची आठवण आली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानं खूप करताय. पुढच्या वेळी तिला मात्र आणा, वजन करायचंय." ते बोल त्याला चपलेसारखे लागले.

असंच एके दिवशी दुकानात एक बसड्रायव्हर आला. नुकताच नवा चष्मा करून घेतलेला, आणि डोकं दुखतं म्हणून भांडायला आलेला. चष्मेवाल्यानं त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला सांगितलं. ड्रायव्हरनं वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा वाचली. चष्मेवाल्याला शंका आली. त्यानं गुपचूप तक्ता बदलला. ड्रायव्हरनं तीच अक्षरं पुन्हा घडाघडा वाचली.

"पाठ केलीत?"

ड्रायव्हर खाली बघायला लागला. "नोकरीचा प्रश्न आहे हो. डोळे गेले म्हणून कळलं तर गाडीवरून उतरवतील."

"अहो शहाणे, मग नंबर चुकणारच. मी काय तुमच्या डोळ्यात शिरून बघू? तुम्ही सांगाल तेच मी धरणार. तुम्ही मला फसवलंत, आणि डोकं कुणाचं दुखतंय? तुमचंच ना?"

"माझंच," ड्रायव्हर म्हणाला. मग जरा हसला. "बायकोपण म्हणते, तुला खोटं बोलता येत नाही तर बोलतोस कशाला."

चष्मेवाला हसला नाही. त्यानं आपलंच वाक्य पुन्हा ऐकलं. फरक एवढाच होता की या माणसानं खोटं बोलून स्वतःचं डोकं दुखवून घेतलं होतं. तो गेल्यावर चष्मेवाल्याला वाटलं, आत्ता फोन उचलावा आणि डॉक्टरांना सांगावं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. मग दुकान बंद करायची वेळ झाली. वर जाऊन त्यानं टकळीला गोळी दिली.

रविवारी सासूबाई आल्या. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या, दोन बस बदलून यायच्या. गुडघे दुखत होते म्हणून बरेच रविवार आल्या नव्हत्या. जिना चढता चढताच बोलत आल्या, "कुठं आहे आमची टकळी? खाली उतरायला काय मुहूर्त लागतो का?"

टकळी खुर्चीत बसली होती. उठली, आजीजवळ गेली, आजीच्या पोटाला डोकं टेकवून उभी राहिली. आजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात मधेच थांबला. पाठीची हाडं लागत होती.

"अगं, काय झालंय तुला? बोल की काही."

"काय बोलू?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. "टकळी विचारते, काय बोलू. ऐकलंत?"

चष्मेवाल्यानं सासूबाईंच्या पिशवीतली केळी बाहेर काढली.

सासूबाईंनी तिला केळं सोलून दिलं. तिनं दोन घास खाल्ले आणि सालीत गुंडाळून ठेवलं. कुणी रागावू नये म्हणून ठेवावं तसं. ती आत गेल्यावर सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोर मेणाची झालीय. कुणी केलं हे?"

"औषध वाढवलंय, आई."

"वाढवलंय कुणी? त्या डॉक्टरीणबाईनं ना? तिला लेकरू हवंय की बाहुली? मी येणार तुमच्यासोबत. चांगली विचारते तिला."

"मी बघतो ना."

"तुम्ही काय बघणार? तुम्ही भोळे. कुणी काही सांगितलं की मान डोलावता. माझी लेक होती तोवर ठीक होतं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "रोज संध्याकाळी फोन यायचा मला. तुम्ही खाली दुकानात असायचात, तुम्हाला कुठं माहीत. पोर आईच्या आवाजात बोलायची. 'आई, जेवलीस का? गुडघ्याला तेल लावलंस का?' मी डोळे मिटून ऐकायचे. माझी लेकच बोलतेय असं वाटायचं. मला माहीत होतं कोण आहे ते, वेडी नाही मी. पण तेवढीच पाच मिनिटं. तीही गेली."

 हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. जे त्याला ऐकवत नव्हतं, त्याच्या आशेवर शहराच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी दिवस ढकलत होती. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण सासूबाई त्याला भोळा म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दामागं लपायला जागा होती. तो लपला.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसले. सासूबाईंनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. टकळी काट्यावर उभी राहिली, उतरली. बाईंनी आकडा पाहिला, जुना आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा तिला काट्यावर उभं केलं.

"दोन किलोहून जास्त उतरलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर भूक चांगली म्हणाला होतात."

चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "त्यांना काय विचारता? पुरुषमाणूस, दिवसभर दुकानात. आई मेलीय पोरीची. बाप दोन घास शिजवतो हेच खूप. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला कळायला नको? आमची पोर दिवसभर चिवचिव करायची. आज आठ प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर येतं. कसलं औषध म्हणायचं हे? गप्प बसवायचं?"

बाई ऐकत होत्या.  सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. हिला असं बघून मलाही बरं वाटत नाही. मी काळजीपूर्वक वाढवत होते, पण मापात माझी चूक झालेली दिसते. काही मुलांना हे औषध मानवतच नाही. ही त्यातली असेल. आपण सगळंच बंद करू, सकाळचंही. थोडे दिवस जाऊ दे, मग दुसरं काही बघू."

"बंदच करा," सासूबाई म्हणाल्या.

टकळी इतका वेळ हाताची नखं बघत होती. तिनं मान वर केली. "सकाळची पण?"

"हो बाळा."

"सकाळची नको." ती हळू बोलली, एकेक शब्द लांबून आणावा तशी. "सकाळचीनं मला बाईंचं सगळं ऐकू येतं. मला खिडकीजवळ बसवलंय. माझ्या शेजारी एक मुलगी आहे. सकाळची बंद केली तर मला परत पिंजऱ्यात बसवतील."

सासूबाई म्हणाल्या, "कुणी नाही बसवत. मी बघते कोण बसवतं ते."

"आजी, तू शाळेत नसतेस."

चष्मेवाल्यानं आपल्या मुलीकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडून काही मागतही नव्हती. संध्याकाळची गोळी गिळायची तशीच हीही गोष्ट गिळायला ती तयार झाली होती. तिचं तोंड तसंच मिटलं होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"संध्याकाळबद्दल. ती त्रास देत नव्हती. अभ्यास करायची. वस्तू फेकत नव्हती. अर्ध्या गोळीनं फरक पडला नाही म्हणालो, तेही खोटं. आणि मागच्या वेळी भूक, झोप, सगळंच."

 मग बाईंनी विचारलं, "हिला थोडा वेळ बाहेर बसवू का?"

"राहू दे. तिच्याबद्दलच खोटं बोललोय. तिला ऐकू दे."

"पण का?"

याचं उत्तर त्यानं मनात कितीदा तरी तयार केलं होतं. दमलो होतो, एकटा होतो, दुकान, घर. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "ती तिच्या आईसारखी बोलायची," तो म्हणाला. "हुबेहूब. मला सहन होत नव्हतं. गप्प बस असं मला तिला सांगता आलं नाही. म्हणून तुमच्याकडून करवून घेतलं."

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. जपून, जणू तिच्यात काही फुटण्यासारखं आहे. चष्मेवाल्याला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी बोलावं, वाटेल ते बोलावं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

बाई रागावल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्यांनी फक्त खुर्ची टकळीच्या दिशेनं वळवली. "मी सगळं तुझ्या बाबांनाच विचारत राहिले. तुला विचारलंच नाही. ती माझी चूक. आता सांग, संध्याकाळच्या गोळीनं कसं होतं?"

टकळीनं विचार केला. "आत मी बोलत असते. पण बाहेर यायला लांब पडतं. मग राहू दे म्हणते."

"आणि सकाळच्या कॅप्सूलनं?"

"तसं नाही होत. तेव्हा मीच असते."

"मग सकाळची तशीच ठेवू. संध्याकाळची आजपासून नाही. पहिले काही दिवस संध्याकाळी चिडचिड होईल, रडू येईल, ते आपोआप कमी होईल. दर आठवड्याला वजन करायला यायचं." मग त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. आवाज होता तसाच होता. "यापुढे आजीपण सोबत येतील. आणि हिच्याशी मी वेगळं बोलेन. माप ठरवायचं तर मला एकाच्या सांगण्यावर जाता येणार नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. तुमचे डोळे तेच माझे डोळे, असं आता त्या पुन्हा म्हणणार नव्हत्या. बायको जिथं बसून आत बघायची, ती जागा त्याच्याकडे चालत आली होती आणि त्यानं ती स्वतःच्या हातानं घालवली होती.

बसथांब्यापर्यंत सासूबाई टकळीचा हात धरून पुढं चालल्या. तो पाच पावलं मागं. थांब्यावर टकळी बाकावर चढून बस येते का बघायला लागली, तेव्हा सासूबाई त्याच्याकडे न बघता बोलल्या.

"फोन बंद झाले तेव्हा मला वाटलं, पोर आईला विसरली. मीच फोन करून तिला रागावले. म्हटलं, इतक्यात विसरलीस? कृतघ्न कुठली. आईचं नाव घ्यायला जड होतं का तुला?" त्या थांबल्या. "ती म्हणाली, आजी, मला बोलायला येत नाही. मला वाटलं, बहाणे करते. मी फोन ठेवून दिला."

"आई, मी..."

"मला तुम्ही तिला रागवायला लावलंत." एवढंच म्हणाल्या. बस आली. टकळीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गुडघ्यावर जोर देत एकेक पायरी चढून गेल्या. त्यानं आधाराला हात पुढं केला होता. त्यांनी दांडी धरली.

संध्याकाळी गोळी दिली नाही. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, किंबहुना जास्तच. टकळी आधी खोलीतून खोलीत फिरली, मग विनाकारण रडली, मग रडू का येतंय म्हणून चिडली. पेन्सिल सापडेना म्हणून खण उपसला. पाणी प्यायला गेली आणि कोपर लागून एक बशी फुटली. चष्मेवाल्यानं दुकान लवकर बंद केलं होतं. तो तिच्या पाठोपाठ फिरला नाही, तिला गप्प बस म्हणाला नाही. तुकडे उचलले आणि तिथंच फरशीवर बसून राहिला, जिथून ती त्याला दिसत होती आणि तो तिला.

बऱ्याच वेळानं ती येऊन समोर बसली. तोंड रडून सुजलं होतं.

"तुला आईचा आवाज आवडत नव्हता?"

"आवडायचा. म्हणूनच ऐकवत नव्हता."

"मग तसं सांगायचं ना मला. मी हळू बोलले असते."

 त्याला वाटलं, ही मुलगी गेले इतके दिवस शहाणी होती आणि घरातला मोठा माणूस लहान होता. तो म्हणाला, "चुकलं माझं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू वाईट वागतेस म्हणून ती गोळी नव्हती."

"मला वाटायचं, म्हणूनच आहे."

"नव्हती."

 मग तिनं घसा खाकरला, मान जरा तिरकी केली, आई करायची तशी, आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. जो आवाज आला तो तिचा स्वतःचाच होता, घोगरा, रडलेला.

"आता येत नाही," ती म्हणाली.

"राहू दे. लगेच नको."

"आणि आलाच नाही परत तर? आजीला काय सांगू?"

"मी सांगीन आजीला. माझ्यामुळं गेला म्हणून सांगीन." हे त्याला अजून जमायचं होतं. सासूबाई फोन उचलतील की नाही, तेही त्याला माहीत नव्हतं.

त्यानं अंडी उकडली, पाव भाजला. टकळीनं एक अंडं उभ्यानं खाल्लं, दुसरं खिडकीत जाऊन खाल्लं, पाव परत मागितला. त्यानं अजून दोन भाजले, त्यातलाही एक गेला. तो तिचं जेवण बघत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्याआधी शरम उभी होती आणि तिला ओलांडून पुढं जायला वाट नव्हती. एवढीशी गोष्ट, पोर पोटभर जेवते, आणि ती त्यानं किती दिवस अडवून धरली होती.

"बाबा, पुढच्या आठवड्यात तू डॉक्टरांना खरं सांगणार?"

"हो."

"सगळं? मी आज रडले, खण उपसला, ते पण?"

"ते पण. त्यावरूनच त्या ठरवणार ना."

"आणि बशी?"

"बशीसुद्धा."

तिनं जरा विचार केला. "बशी राहू दे ना. बशीचं काय सांगायचं त्यांना?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "बशी फुटली असंच सांगणार."

"चहाडखोर," टकळी म्हणाली, आणि ताटातला उरलेला पाव उचलून खिडकीकडे गेली.

पोरीचा आवाज हिरावणाऱ्या बापाला त्या शब्दाहून बराच मोठा शब्द लागू होता. तो त्याला ठाऊक होता. त्यानं ताट उचललं आणि धुवायला घेतलं.